ग्रँड टीटनच्या पायथ्याशी फुकटचा मुक्काम : वनजमिनीवर तंबूची जागा कशी शोधायची

सॉल्ट लेक सिटीहून शुक्रवारी दुपारी काम आटपून निघालो आणि संध्याकाळी साडेसातला उद्यानाला लागून असलेल्या शॅडो माउंटनच्या कच्च्या रस्त्याला लागलो. समोर टीटनची शिखरं तांबूस झालेली, आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक नंबराच्या खांबाशी कुणाचा ना कुणाचा तंबू. वर शेवटपर्यंत गेलो, वळलो, खाली आलो. एकही जागा नाही. मग अंधारात टीटन पासचा घाट ओलांडून शेजारच्या आयडाहो राज्यात उतरलो आणि एका मोटेलात एवढे पैसे मोजले की उद्यानातल्या कॅम्पिंगच्या तळावर तेवढ्यात चार-पाच रात्री निघाल्या असत्या. फुकटच्या मुक्कामाचा माझा श्रीगणेशा हा असा झाला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात जाते आणि जागा मिळते. नशिबाचा भाग थोडा असतोच, पण बरंचसं काम घरी टेबलाशी बसून आठवडाभर आधी होतं आणि उरलेलं सकाळी नऊच्या आत. उदाहरण वायोमिंगमधल्या ग्रँड टीटनचं घेते आहे, कारण तो भाग मी पायाखाली घातला आहे. ज्या उद्यानाला राष्ट्रीय वन खेटून आहे, तिथे सगळीकडे हीच पद्धत चालते.

आधी जमीन कुणाची ते बघा

हरिश्चंद्रगडावरच्या गुहेत किंवा पायथ्याच्या गावातल्या देवळात पथारी टाकताना ही जागा कोणत्या खात्याची, असा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. इथे तोच पहिला प्रश्न.

राष्ट्रीय उद्यान आणि राष्ट्रीय वन ही नावं आपल्याला जुळी वाटतात, पण घरं वेगळी आहेत. उद्यानं अंतर्गत विभागाकडे, वनं कृषी विभागाकडे. उद्यानाचा कल जपण्याकडे. वनात गुरं चरतात, लाकूड तोडलं जातं, शिकार होते आणि त्याच हिशेबात माणसांनाही राहू दिलं जातं. ग्रँड टीटन उद्यानात नेमून दिलेल्या तळांबाहेर रात्र काढता येत नाही. गाडीत, दिवे मालवून, वाहनतळाच्या कोपऱ्यातसुद्धा नाही. रात्री काचेवर टकटक होतेच. वनात मात्र मूळ नियम उलटा आहे: जिथे मनाई नाही तिथे राहता येतं, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. यालाच तिकडे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात.

उद्यानाच्या पूर्वेला आणि दक्षिणेला ब्रिजर-टीटन राष्ट्रीय वन आहे, सुमारे ३४ लाख एकरांचं. डोंगररांगेच्या पश्चिमेला, आयडाहोच्या बाजूला, कॅरिबू-टार्गी राष्ट्रीय वन. जॅक्सन गावाला लागून एल्क हरणांचं राखीव क्षेत्र आहे, तिथे मुक्कामाला पूर्ण बंदी. मधेमधे खाजगी रँच, म्हणजे गुरांची मोठी कुरणं. म्हणजे एकाच रस्त्यावर दहा मैलांत चार मालक बदलू शकतात, आणि कुंपण प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही.

फुकट म्हणजे काय, तेही आधीच सांगते. पाणी नाही, नळ नाही, कचऱ्याचा डबा नाही, बाक नाही, बुकिंग नाही. संडास आहे असं धरून चालूच नये. आणि मुक्काम फुकट असला तरी उद्यान बघायला शुल्क आहे: गाडीमागे ७ दिवसांचे ३५ डॉलर. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले असतील तर आणखी एक हिशेब करा. २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक पाहुण्याला ग्रँड टीटन, यलोस्टोन धरून ११ उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा आहेत. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. दोन उद्यानं बघायची असतील तर पासच परवडतो.

कधी जायचं

जॅक्सन गावच सुमारे १,९०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून अडीचशे मीटर उंच. शॅडो माउंटनचा माथा अडीच हजारांच्या आसपास. वरच्या कच्च्या रस्त्यांवर जूनमध्येही बर्फ किंवा चिखल असू शकतो. तिथली माती ओली झाली की साबणासारखी होते, आणि त्या चाकोऱ्या मग वाळून दगड होतात. जुलै-ऑगस्ट सगळ्यात सोपे आणि सगळ्यात गर्दीचे. माझ्या मते सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा उत्तम: शाळा सुरू झालेल्या असतात, अॅस्पनची पानं पिवळी पडायला लागतात, एल्कच्या नरांची हाक रात्रभर ऐकू येते. फक्त तेव्हा पहाटे तंबूवर दहिवर गोठलेलं मिळतं. भर जुलैतही रात्रीचा पारा ५ अंशांपर्यंत उतरतो, कधी शून्याखालीही. पुण्याहून आणलेली शाल पुरणार नाही; झोपायची थैली शून्य अंशाला ऊब देणारी हवी आणि अंगाखाली हवेची किंवा फोमची गादी हवीच, कारण थंडी जमिनीतून येते.

हिवाळ्यात यातले बरेच रस्ते वन्यप्राण्यांसाठी बंद असतात. त्यांचं चराईचं रान तेव्हा एवढंच उरलेलं असतं.

नकाशा : सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

बहुतेक लोक आयओव्हरलँडर, कॅम्पेंडियम किंवा द डर्ट उघडतात, पिन दिसली की निघतात. मीही तेच केलं होतं. एका पिनने मला सरळ एका रँचच्या फाटकाशी नेलं. फाटकाच्या पाटीवर काय लिहिलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पिन कुणीतरी चार वर्षांपूर्वी टाकलेली असते, मधल्या काळात जागा बंद झालेली असते, किंवा टाकणाऱ्यालाच आपण कुठे झोपलो ते कळलेलं नसतं. ही अॅप्स टाकून द्या असं मी म्हणत नाही. सुगावा म्हणून चांगली आहेत. रस्ता खराब आहे का, फोनला रेंज आहे का, मोठी गाडी वळते का, हे ताज्या शेऱ्यांतून कळतं. परवानगी आहे की नाही, हे मात्र त्यांना विचारू नका.

त्यासाठी वनखात्याचा मोटर व्हेइकल यूज मॅप घ्या. सगळे एमव्हीयूएम म्हणतात. प्रत्येक वनाचा वेगळा असतो, फुकट असतो. दिसायला अगदी रुक्ष: काळापांढरा, डोंगर नाहीत, उंचीच्या रेषा नाहीत, नुसते रस्ते आणि त्यांचे आकडे. पण कायद्याने चालतो तो हाच. वाचायचा असा.

पहिल्यांदा रस्त्याचा क्रमांक शोधा. शॅडो माउंटनचा रस्ता ३०३४०, टॉपिंग्ज लेकचा ३०३१०. प्रत्यक्ष जागेवर हाच आकडा रस्त्याच्या तोंडाशी एका बुटक्या पट्टीवर उभा लिहिलेला असतो, नाव बहुधा नसतंच. म्हणून नावं पाठ करण्यापेक्षा आकडे वहीत लिहून न्या. जो रस्ता या नकाशावर नाही, तो गाड्यांना बंद आहे असं समजायचं; जमिनीवर मळलेल्या चाकोऱ्या स्पष्ट दिसत असल्या, बंदीची पाटी नसली, तरीही.

मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ठिपके आहेत का बघा. ठिपके असतील तर मुक्कामासाठी गाडी रस्ता सोडून ठरावीक अंतरापर्यंत आत नेता येते. किती फूट, ते सोबतच्या तक्त्यात दिलेलं असतं. ठिपके नसतील तर गाडी रस्त्याला चिकटून उभी करायची आणि तंबू पायी चालत आत न्यायचा. तक्त्यातच रस्ता कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत उघडा आहे तेही असतं. मी एकदा हा रकाना वाचला नाही आणि कुलूपबंद दांडीसमोर जाऊन उभी राहिले.

यानंतर उपग्रहचित्र उघडा आणि त्याच रस्त्यावरून बोट फिरवत जा. रस्त्याच्या कडेला फिकट मातीचा गोल किंवा लांबट डाग दिसतो, मधे कधी काळा ठिपका, म्हणजे चुलीचे दगड. ही वर्षानुवर्षं वापरातली जागा. असे आठ-दहा डाग शोधून ठेवा. उंचीच्या रेषांचा नकाशा वर ठेवून बघा: रेषा दाटीवाटीने असतील तर तिथे झोपताना घरंगळत जाल. दुपारनंतर ढग गडगडतात, म्हणून उघड्या कड्यावरच्या जागा मी वगळते, देखावा कितीही असला तरी.

शेवटी एमव्हीयूएम अव्हेन्झा या नकाशांच्या अॅपमध्ये उतरवून घ्या. फोनला रेंज नसली तरी नकाशावर तुमचा निळा ठिपका सरकत राहतो. आपण उद्यानात आहोत, वनात आहोत की रँचच्या हद्दीत, हे त्या ठिपक्यावरून कळतं. जॅक्सन सोडलं की फोनचा भरवसा धरू नका.

एक फोन करा

हे काम आपण मराठी माणसं टाळतो. सरकारी कचेरीत फोन करायचा आणि तो कुणीतरी नीट उचलेल, यावर आपला विश्वासच बसत नाही. पण वनखात्याच्या जॅक्सनमधल्या रेंजर कचेरीतली माणसं बोलायला उत्सुक असतात. त्यांना 'कुठे राहू?' असं विचारू नका, त्याला साचेबंद उत्तर मिळतं. रस्त्याचा आकडा सांगून विचारा:

– हा रस्ता आज उघडा आहे का, साध्या गाडीने कुठपर्यंत जाता येईल?
– इथे फक्त नंबराच्या जागांवर राहायचं की कुठेही?
– किती रात्री?
– शेकोटीला परवानगी आहे का?
– या आठवड्यात अस्वलांचा काही उपद्रव झाला आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व असं की देशभरात वनजमिनीवर सहसा १४ ते १६ दिवस राहता येतं, पण उद्यानाला लागून असलेल्या या गर्दीच्या पट्ट्यात भर मोसमात ५ दिवसांचीच मर्यादा आहे. त्यामागचं कारण नुसते पर्यटक नाहीत. जॅक्सनमधली घरभाडी अशी आहेत की हॉटेलात भांडी घासणारी, राफ्ट चालवणारी कितीतरी मुलं उन्हाळाभर वनातच राहायची. पाच दिवसांनी त्यांना उठावं लागतं. पुढे कुठे जातात, हा प्रश्न मला दर खेपेला पडतो.

जागा : कुठे, कशी

*शॅडो माउंटन.* सगळ्यात प्रसिद्ध. मूस गावाच्या फाट्यावरून महामार्गाने थोडं उत्तरेला, मग उजवीकडे अँटिलोप फ्लॅट्स रोड. वाटेत मॉर्मन रो या जुन्या वस्तीतली ती दोन लाकडी कोठारं लागतात, कॅलेंडरवरची. इथे बायसनचा कळप रस्ता अडवून उभा असतो. हॉर्न वाजवू नका, इंजिन बंद करून डबा उघडा. रस्ता टी जंक्शनला संपतो, तिथून डावीकडे, डांबर संपेपर्यंत. ही वाट उद्यानातून जाते, पण तिच्यावर प्रवेशनाका लागत नाही. पायथ्याशी मोठ्या गाड्यांपुरती सपाटी आहे, वर नंबराच्या जागा. साधी सेदान कोरड्या दिवसात खालच्या काही जागांपर्यंत जाते. वरच्या वळणांवर खड्डे असे आहेत की गाडीचं पोट घासलंच समजा. ट्रेलर घेऊन वर चढण्याचा विचारही करू नका, वळायला जागा नाही. तंबूच्या दारातून समोर अख्खी रांग दिसते, ४,१९९ मीटरच्या ग्रँड टीटनसकट. म्हणूनच गर्दी.

*टॉपिंग्ज लेक रस्ता, म्हणजेच अपर टीटन व्ह्यू.* मोरानकडे जाताना महामार्गाच्या पूर्वेला. खालच्या बाजूला मोकळं मैदान आहे, तिथे लहान ट्रेलरही येतात; शेजार दाट असतो. आत जाल तशी झाडी आणि एकांत वाढतो, रस्ता बिघडत जातो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी शॅडो माउंटनऐवजी हीच जागा सुचवते. इथेही नंबराच्या जागांवरच राहायचं.

*कर्टिस कॅन्यन.* जॅक्सन गावातून एल्क राखीव क्षेत्र ओलांडून वर. हिवाळ्यातून रस्ता मे महिन्यात उघडतो. आधी वनखात्याचा शुल्क घेणारा छोटा तळ लागतो, फुकटच्या जागा त्याच्या पुढे. गाव जवळ, त्यामुळे एखादा दिवस पाऊस लागला तर गरम कॉफीची सोय.

*ग्रो व्हेंत्र खोरं.* लिहितात एक आणि म्हणतात 'ग्रो व्हाँट'. केली गावापासून पूर्वेला. १९२५ मध्ये इथे डोंगराची अख्खी कूस नदीत कोसळली, नदी अडून तळं झालं, आणि दोन वर्षांनी तो बांध फुटून केली गाव वाहून गेलं, सहा माणसं गेली. डोंगरावरची ती जखम अजून उघडी दिसते. तळ्यापलीकडे रस्ता कच्चा होतो, लाल टेकड्या सुरू होतात आणि गर्दी विरळ होते. इथून टीटन दिसत नाही, म्हणून जागा मिळते.

*आयडाहोची बाजू.* टीटन पासपलीकडे व्हिक्टर आणि ड्रिग्ज. वन वेगळं, म्हणून एमव्हीयूएमही वेगळा उतरवा. उद्यानात यायला तासाभराहून जास्त लागतो आणि घाटाचा चढ १० टक्क्यांचा आहे, ब्रेक तापतात.

यातल्या तीन जागा क्रमाने ठरवा आणि चौथी पैशाची ठेवा. उद्यानातले सगळे तळ रिक्रिएशन डॉट जीओव्ही या सरकारी संकेतस्थळावर आधी आरक्षित करावे लागतात. ग्रो व्हेंत्र तळ मोठा असल्याने रद्द झालेली जागा तिथे सापडण्याची शक्यता जास्त. गावातलं मोटेल हा पर्याय धरू नका. वर सांगितलंच.

भाड्याच्या गाडीने जाणार असाल तर करारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच करारांत तो वर्ज्य असतो, आणि मग वरून गाडी ओढून आणायचा खर्च तुमचा.

पोहोचायचं सकाळी

इथल्या जागा रिकाम्या होतात सकाळी सात ते दहा या वेळात, म्हणजे लोक आवरून निघतात तेव्हा. दुपारी दोनपर्यंत भरलेल्या असतात. म्हणून आता माझा क्रम असा: गुरुवारी संध्याकाळी निघून वाटेत कुठेतरी आधीच आरक्षित केलेल्या तळावर झोपायचं आणि शुक्रवारी सकाळी आठला रस्त्याच्या तोंडाशी हजर. एक दिवसाची रजा जाते. शनिवारी सकाळी जाणाऱ्यांची ती रजा वाचते आणि वीकेंड जातो.

वर चढताना सगळ्यात चांगल्या जागेच्या मागे लागू नका. पहिली बरी रिकामी जागा दिसली की तंबू ठोका. गाडी उभी करून ठेवली म्हणजे जागा राखली, असं समजू नका. तंबू दिसला पाहिजे. आणखी चांगली जागा हवी असेल तर दुपारी पायी फिरून बघा, दुसऱ्या सकाळी हलवा.

नंबराचा खांब, उघडी घट्ट जमीन, जुने चुलीचे दगड: ही राहायची जागा. गवत वाकलेलं आहे पण जमीन उघडी नाही, तर ती कुणीतरी केलेली चूक आहे, तुम्ही पुन्हा करू नका. ओढ्यापासून, तळ्यापासून २०० फूट, म्हणजे मोठ्यांची सत्तर-ऐंशी पावलं, दूर. आणि वर मान करून बघा. पाइनची वाळलेली उभी झाडं या भागात फार आहेत, आणि ती पडायला वादळच लागतं असं नाही. मी तंबू लावण्याआधी आजूबाजूच्या प्रत्येक वठलेल्या झाडाची उंची डोळ्यांनी आडवी करून बघते: पडलं तर माझ्यापर्यंत येईल का?

अस्वलं आणि आपला मसाल्याचा डबा

हा ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे. याच खोऱ्यात ३९९ नंबरची अस्वलीण तिच्या पिल्लांसह रस्त्याकडेला दिसायची आणि तिच्यासाठी गाड्यांच्या रांगा लागायच्या. २०२४ च्या ऑक्टोबरात, २८ वर्षांची असताना, जॅक्सनच्या दक्षिणेला गाडीच्या धडकेत ती गेली. उद्यानात अस्वलापासून १०० यार्ड दूर राहायचा नियम आहे. वनातही तोच पाळा.

ब्रिजर-टीटनमध्ये खाणं कसं ठेवायचं याचा आदेश आहे आणि तो मोडला तर दंड होतो. तुम्ही जवळ नसताना आणि रात्री, ज्याला वास येतो ते सगळं बंद गाडीत, काचा वर, नाहीतर अस्वलरोधक डब्यात. गाडी नसेल तर जमिनीपासून १० फूट उंच आणि खोडापासून ४ फूट लांब टांगायचं. प्लॅस्टिकचा कूलर अस्वलरोधक नसतो. आम्ही एकदा कूलर दगडावर ठेवून पाच मिनिटं ओढ्यावर गेलो. परत आलो तर त्याच्या शेजारी एक रेंजर उभी. दंड केला नाही, पण जे ऐकवलं ते दंडापेक्षा बरंच जास्त होतं.

इंग्रजी सूचनांमध्ये टूथपेस्ट, साबण, कुत्र्याचं खाणं असतं. आपली यादी लांब आहे. लोणच्याची बरणी, हिंग, मेतकूट, तूप, फरसाण, थालीपिठाची भाजणी, डोक्याचं तेल, अमृतांजन, आणि सासूबाई सोबत असतील तर उदबत्ती. सगळं गाडीत. फोडणीचा वास कपड्यांना धरतो, म्हणून स्वयंपाकाचा सदरा वेगळा ठेवा आणि रात्री तोही गाडीत. चूल तंबूपासून शंभर पावलं तरी लांब, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या बाजूला. भांडी विसळलेलं पाणी गाळून शितं कचऱ्याच्या पिशवीत टाका आणि पाणी तंबूपासून, ओढ्यापासून दूर पसरून ओता. खरं सांगायचं तर मी आता तिथे फोडणी देतच नाही. घरून थेपले आणि धपाटे, दुपारी दही-पोहे, रात्री गरम पाण्यात कालवायचा उपमा. चांदण्यात तोही चांगला लागतो.

अस्वलाचा स्प्रे, म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा, माणशी एक घ्या. विमानात तो हातातल्या बॅगेत नाही आणि सामानातही नाही, म्हणून जॅक्सनला उतरून विकत किंवा भाड्याने घ्यायचा. तसा तिथला विमानतळ राष्ट्रीय उद्यानाच्या आतच आहे, त्या देशातला व्यापारी विमानसेवेचा तेवढा एकच. स्प्रे बॅगेच्या तळाशी ठेवलात तर नसल्यासारखाच. कमरेला लावा, झोपताना हाताशी ठेवा, आणि क्लिप काढायचा सराव दिवसाउजेडी करा. तो अंगाला फासायचा नसतो. हे सांगावं लागतं, कारण लोक खरंच फासतात.

परसाकडे

शब्द आपल्याकडे आहेच, पद्धत नवी शिकायची. पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून २०० फूट दूर, छोट्या फावड्याने ६ ते ८ इंच खोल खड्डा, काम झालं की त्याच मातीने बुजवायचा. कागद पुरायचा नाही, पिशवीत भरून परत न्यायचा. आपण पाणी वापरणारे, म्हणून हा त्रास निम्म्याने कमी. एक बाटली त्यासाठी वेगळी ठेवा आणि तिच्यावर खूण करा. शॅडो माउंटनसारख्या गर्दीच्या जागी जमीन आधीच पुष्कळांनी खणलेली असते. तिथे बंद होणाऱ्या पिशव्या वापरा, वॅग बॅग नावाने मिळतात, आणि खाली आणून कचऱ्यात टाका. बरोबर म्हातारी माणसं असतील तर बादलीवर बसणारी घडीची सीट घ्या. गुडघे तुम्हाला दुवा देतील.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा, धुण्याचं वेगळं. उद्यानाच्या अभ्यागत केंद्रांवर भरून घेता येतं. चार दिवसांनी अंघोळ हवीशी झाली तर उद्यानातल्या कोल्टर बेला पैसे देऊन गरम पाण्याची सोय आहे, कपडे धुण्याची यंत्रंही.

शेकोटी

उन्हाळा वाळत गेला की बंदी टप्प्याटप्प्याने लागते: आधी फक्त नेमलेल्या तळांवरच्या लोखंडी कड्यात, मग कुठेच नाही. गॅसची शेगडी बहुधा चालते. निघायच्या दिवशी पुन्हा तपासा, आठवड्यापूर्वीचं उत्तर चालत नाही. परवानगी असली तरी सरपण जमिनीवर पडलेलंच, मनगटाएवढं, आणि विझवताना पाणी ओतून, ढवळून, उलट्या हाताने राख गार लागेपर्यंत पुन्हा ओतायचं. २०१८ मध्ये जॅक्सनच्या दक्षिणेला बाँडुरांटजवळ माणसाच्या चुकीने लागलेल्या आगीत पन्नासहून अधिक घरं गेली. मी स्वतः तिथे शेकोटी करत नाही. धुरामुळे चांदण्या नीट दिसत नाहीत.

निघताना

सगळा कचरा गाडीत, मागच्या माणसाने टाकलेली बाटलीची झाकणंसुद्धा. तंबूचे खुंटे मोजा, एक हमखास राहतो. चुलीचे दगड आहेत तसे ठेवा, नवे रचू नका.

आणि उतरताना काच खाली ठेवा. सकाळी नऊच्या सुमाराला त्या अरुंद रस्त्यावर समोरून एखादी गाडी हळूहळू चढत येताना दिसेल, आतली माणसं प्रत्येक खांबाकडे मान वेळावून बघत असतील. थांबा आणि तुमच्या जागेचा नंबर सांगा.